चित्ररथ कुठे थांबतो? गोव्याचा शिगमो, कार्निव्हल आणि आपल्या जत्रा

(उर्से, ता. मावळ येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



विषय कळल्यावर एकदोघांनी विचारलं, मावळात येऊन गोव्याच्या चित्ररथांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

फाल्गुन पौर्णिमा झाली की आपल्याकडे जत्रांचे दिवस सुरू होतात ते थेट चैत्र-वैशाखापर्यंत. चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याला एकवीरेची पालखी निघते, आणि त्याआधी रायगड, ठाणे, मुंबईकडची कोळी-आगरी मंडळी आपापल्या पालख्या घेऊन चालत येतात. गावोगावी छबिना असतो, कुस्त्यांचा आखाडा असतो, बैलगाडे असतात. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण गेल्या काही वर्षांत या मिरवणुकांमध्ये आणखी एक गोष्ट दिसायला लागली आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा केलेला देखावा, मागे जनरेटर, त्याच्यामागे साउंड सिस्टिम. पाडव्याच्या शोभायात्रा बघा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीतून ही प्रथा सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. तिथंही चित्ररथ आलाच.

गोव्यात ही गोष्ट साठ वर्षं चालू आहे. सरकारी खर्चानं, स्पर्धा लावून, बक्षिसं देऊन. आपण ज्या वाटेला आत्ता लागतोय, ती वाट गोवा बरीच चालून गेला आहे. तेव्हा पुढे काय काय लागतं हे त्यांच्याकडे बघून कळेल. चित्ररथ चांगला की वाईट, असा निकाल मला आज द्यायचा नाही. एखाद्या नाटकाची समीक्षा करतो तशी या प्रकाराची करायची आहे. हा प्रकार काय दाखवू शकतो, काय दाखवू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे बघणाऱ्याला तो कुठे उभा करतो.

१९६५

आधी कार्निव्हल. ख्रिस्ती उपवासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधीचे हे चार दिवस, शनिवार ते मंगळवार. पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यात आला. गावांत त्याला इंत्रूज म्हणतात. जुन्या इंत्रूजमध्ये लोक एकमेकांवर पीठ टाकत, रंगाचं पाणी टाकत, सोंगं घेऊन एकमेकांच्या घरी जाऊन धडकत. साष्टीतल्या गावांत ‘खेळ’ नावाची छोटी नाटकं वाड्यावाड्यांतून, घरांच्या पुढ्यात होत. चांदरला मुसळ खेळ होतो, मुसळं हातात घेऊन पुरुष नाचतात, आणि तोही घरोघर जातो. तेवढं लक्षात ठेवा: घरोघर.

आज आपण गोव्याचा कार्निव्हल म्हणून जो टीव्हीवर बघतो, तो हा नव्हे. चित्ररथांची ती मिरवणूक १९६५ मध्ये पणजीत सुरू झाली. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, म्हणजे मुक्तीनंतर चारेक वर्षांत. तिमोतेओ फर्नांडिस या संगीतकारानं रिओच्या कार्निव्हलचा नमुना समोर ठेवून ती आखली. हेतू उघड होता, पर्यटक यावेत. यात लपवाछपवी काही नव्हती आणि यात जगावेगळंही काही नव्हतं. फ्रान्समधल्या नीस शहरात १८७३ मध्ये रीतसर समिती नेमून कार्निव्हलची मिरवणूक बांधली, तीही हिवाळी पाहुण्यांसाठीच. इटलीतलं व्हियारेज्जो हे छोटंसं समुद्रकाठचं गाव. तिथली मिरवणूकही १८७३ चीच.

आता एक योगायोग सांगतो. त्याच १९६५ मध्ये मॉस्कोमध्ये मिखाईल बाख्तिनचं राबलेवरचं पुस्तक छापून आलं. मुळात तो प्रबंध होता, कित्येक वर्षं पडून होता. त्यात त्यानं मध्ययुगीन कार्निव्हलबद्दल जे मांडलं ते आज जगभर शिकवलं जातं. थोडक्यात त्याचं म्हणणं असं, की कार्निव्हलमध्ये नट वेगळे आणि प्रेक्षक वेगळे अशी फारकतच नसते. सगळेच आत असतात. राजा रंक होतो, रंक राजा होतो, आणि काही दिवस सगळी उतरंड उलटी टांगली जाते. म्हणजे बघा, एकीकडे एक माणूस लिहितो की कार्निव्हलला प्रेक्षक नसतो, आणि त्याच वर्षी पणजीत कार्निव्हल प्रेक्षकांसाठी रस्त्यावर उतरतो. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार.

या उलथापालथीचं काय झालं ते किंग मोमोकडे बघून समजतं. किंग मोमो हा कार्निव्हलचा खोटा राजा. तो येतो, फर्मान काढतो की खा, प्या, मजा करा, आणि चार दिवस त्याचं राज्य. खोट्या राजाची सगळी गंमत कशात आहे? खऱ्या राजाची खिल्ली उडवण्यात. पण आज किंग मोमोची निवड पर्यटन खातं करतं. त्यासाठी अर्ज मागवतात. मिरवणुकीला झेंडा दाखवायला मंत्री असतात. खऱ्या राजानं नेमलेला खोटा राजा! (हशा) तो खिल्ली कुणाची उडवणार? तो फार तर हात हलवणार. शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा. चार दिवसांचं त्याचं राज्य म्हणजे चार शहरांचं वेळापत्रक झालं आहे.

मांडावरून डांबरी रस्त्यावर

आता शिगमो. आपला शिमगा. हा गोव्यातल्या हिंदू गावांचा वसंतोत्सव. त्याची सुरुवात होते मांडावर. मांड म्हणजे गावाची ठरलेली पवित्र जागा. तिथं लोक जमतात, नमन घालतात, मग ढोल-ताशे-कासाळ्यांच्या गजरात मेळ निघतो. मेळ देवळात जातो आणि घरांच्या दारात जातो. घरची मंडळी नारळ, तांदूळ, पैसे असं काही देतात आणि मेळ त्या घराला आशीर्वाद देतो. सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोडा बांधायचा, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार, आणि वाद्यांच्या ठेक्यावर पुढे जायचं, मागे यायचं. जुन्या लढायांची ही आठवण, असं सांगतात.

शिगम्याच्या सरकारी मिरवणुकीत हे सगळं असतं. रोमटामेळ असतो, घोडेमोडणी असते, गोफ असतो, फुगडी असते, आणि अर्थात चित्ररथ. पर्यटन खात्याचा पैसा, शहरागणिक वेगळी तारीख, परीक्षक, बक्षिसं. गावात जे पाच-सात दिवसांत आपापल्या तिथीला होतं, ते शहरांच्या सोयीनं लांबत जातं.

बदल काय होतो ते घोडेमोडणीत नीट दिसतं. हा नाच पुढे-मागे सरकणारा आहे. त्याची सगळी ताकद मागे येण्यात आहे, कारण मागे येऊन पुन्हा धाव घ्यायची असते. पण मिरवणुकीत तुमच्या मागे ट्रक लागलेला असतो. मागे येणार कुठे? मग नाच एकाच दिशेचा होतो. पावलं तीच, पोशाख तोच, पण नाचातला अर्धा श्वास गेला. हा दोष नाचणाऱ्यांचा नाही. रस्त्याचा आणि वेळापत्रकाचा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी, मागे पथकांची रांग, तेव्हा आयोजक म्हणणारच की चला, पुढे सरका.

म्हणजे माझा मुद्दा परंपरा बुडाली असा नाही. परंपरा दिसते आहे, भरपूर दिसते आहे. पण मेळ घराकडे यायचा, दारात थांबायचा. मिरवणूक मंचासमोरून जाते, आणि थांबलीच तर परीक्षकांसमोर थांबते. कोण कुणाकडे जातं, आणि कुठे थांबतं, एवढा एक फरक. बाकीचे सगळे फरक या एकातून निघतात.

चित्ररथाचं व्याकरण

आता प्रत्यक्ष चित्ररथाकडे बघू. एक चित्ररथ तुमच्या पुढून जायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट, फार तर एक. एवढ्या वेळात तुम्हाला तो कळला पाहिजे. मग तो काय निवडणार? सगळ्यांना आधीच माहीत असलेली गोष्ट, आणि त्या गोष्टीतला एकच क्षण. हिरण्यकश्यपूचं पोट फाडणारा नृसिंह. दहा तोंडांचा रावण. हलणारे हात, उघडझाप करणारे डोळे, तोंडातून धूर.

यात कौशल्य नाही असं कुणी म्हणू नये. ट्रकच्या चौकटीवर पंधरा-वीस फुटांची मूर्ती तोल सांभाळून उभी करायची, विजेच्या तारा चुकवायच्या, मोटर आणि दोऱ्या लावून ती हलवायची, हे सोपं काम नाही. अनेक गावांत पोरं महिना महिना रात्री जागून हे करतात. कितीतरी कारागीर यातून तयार झाले.

पण कलाप्रकार म्हणून त्याची मर्यादा बघा. दशावतारातला संकासुर आठवा. काळा वेश, लाल जीभ. तो येतो, बोलतो, कुरापती काढतो, लोकांना हसवतो. शेवटी विष्णूच्या हातून मरतो खरा, पण मरण्याआधी त्याला बोलायला मिळतं. राक्षस असला तरी तो आपल्या ओळखीचा होतो. चित्ररथावरच्या राक्षसाला बोलायला वेळच नाही. तो फक्त मरतो. चौकाचौकात, पुन्हा पुन्हा मरतो. जो प्रकार केवळ शेवटचा क्षण दाखवू शकतो, तो हळूहळू आपल्याला शिकवतो की गोष्ट म्हणजे शेवटचा क्षणच. देवानं शस्त्र उगारलेलं असलं की झालं. वाद, मस्करी, शंका, थट्टा, हे जे आपल्या लोकनाट्याचं मीठ आहे, ते ट्रकवर चढत नाही.

दुसरी मर्यादा. चित्ररथाला पाठ नसते. म्हणजे असते, पण तिथं प्लायवुड आणि जनरेटर असतो. तो फक्त कडेला उभ्या असलेल्यांसाठी रचलेला असतो. त्यावरची माणसं एकमेकांकडे बघत नाहीत.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण देतो. २०१५ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत महाराष्ट्राचा चित्ररथ होता पंढरीच्या वारीचा. त्याला पहिलं पारितोषिक मिळालं. आपल्याला आनंद झाला, अभिमान वाटला, आणि वाटायलाच हवा. पण थोडा विचार करा. देहू इथून किती लांब आहे? इथल्या कितीतरी घरांतली माणसं वारीला जातात. वारीला प्रेक्षक म्हणून कुणी जातं का? जो जातो तो चालतो, नाहीतर चालणाऱ्याला पाणी देतो, भाकरी देतो, पाय चेपतो. कडेला हात बांधून उभं राहण्याची जागा वारीत नाही. आणि चित्ररथात नेमकी तेवढीच जागा उरते. वारीबद्दलचं सगळं त्या चित्ररथात आलं असेल, फक्त चालणं सोडून.

जुन्याचं सोनं करू नये

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हे व्याख्यान म्हणजे म्हाताऱ्याची कुरकुर होईल.

जुन्या शिमग्यात मान होते. पालखीला पहिला खांदा कुणाचा, ढोल कुणी वाजवायचा, होळीला अग्नी कुणी द्यायचा, कोण देवळाच्या पायरीपर्यंतच येणार. ही सगळी उतरंड ठरलेली होती आणि ती जातीची होती. शिमग्याच्या मानावरून भाऊबंदकी झाली, गावं कोर्टात गेली. मेळ घरोघर जायचा म्हणताना कुणाच्या घरी जायचा नाही, हेही विचारावं लागतं. कार्निव्हलचंही तेच. क्लबांतले नाच मूठभरांचे होते.

शहरातल्या मिरवणुकीत नाव नोंदवलं की कुणीही पथक उतरवू शकतं. बायकांची फुगडीची पथकं भर रस्त्यात नाचतात, मुली ढोल वाजवतात. मांडावर हे सहज झालं नसतं. रस्ता सगळ्यांचा असतो, मांड नसतो. चित्ररथाच्या मिरवणुकीनं हा एक दरवाजा उघडला आणि तो पुन्हा बंद व्हावा असं मला मुळीच वाटत नाही.

म्हणून प्रश्न जुनं की नवं असा नाही. नव्यात सगळ्यांना जागा आहे पण कुणाच्या दारात थांबणं नाही. जुन्यात थांबणं होतं पण सगळ्या दारांत नाही. आपल्याला हवं काय?

पालखी घरी येते तेव्हा

याचं उत्तर शोधायला कोकणात जाऊ. रत्नागिरी, सिंधुदुर्गात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येतो तसा शिमग्यालाही येतो. का येतो? नुसती मिरवणूक बघायची असती तर मोबाइलवर दिसते. तो येतो कारण पालखी त्याच्या घरी येणार आहे, आणि दार उघडायला कुणीतरी हवं. वर्षभर बंद असलेलं घर तो आदल्या दिवशी झाडतो, अंगण सारवतो. पालखी आली की ओटी भरतात, गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे त्या घराचं त्या वर्षीचं मागणं. या पोराला नोकरी लागू दे, हिचं बाळंतपण सुखरूप होऊ दे. शेजारच्या घरचं गाऱ्हाणं वेगळं.

चित्ररथाला तुमच्या असण्या-नसण्यानं काही फरक पडत नाही. तुम्ही नाही आलात तर तुमच्या जागी दुसरा उभा राहील. पालखीला फरक पडतो. दार बंद असलं तर गावाला कळतं की या घरी या वर्षी कुणी आलं नाही, आणि का आलं नाही याची चौकशी होते. उत्सवाचं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, वर्षातून एकदा गावानं सगळ्या दारांवरून हात फिरवणं, हे काम.

आता आपल्या गावाकडे येऊ. उर्से म्हटलं की बाहेरच्या माणसाला टोल नाका आठवतो. एक्स्प्रेस-वेवरून रोज हजारो गाड्या जातात आणि गावात कुणी उतरत नाही. हाही एक प्रकारे चित्ररथच, आपण कडेला आणि गाड्या पुढून. कोकणातली घरं बंद पडली, मावळातली पडली नाहीत. उलट वाढली. शेतजमिनी गेल्या, कारखाने आले, बंगले आले, चाळी उभ्या राहिल्या. त्या खोल्यांत मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं भाड्यानं राहतात. त्यातली कितीतरी आपापल्या गावचा शिमगा चुकवून इथं पाळीवर जातात.

तेव्हा कुठल्याही गावच्या मिरवणुकीला मी तीन प्रश्न विचारीन, आणि तुम्हीही विचारा अशी विनंती आहे. पहिला, ती कुठे कुठे थांबते? आमदारांच्या कमानीखाली, प्रायोजकाच्या मंडपासमोर, की लोकांच्या दारात? दुसरा, ती परत मागे येऊ शकते का? म्हणजे नाचणाऱ्याला, वाजवणाऱ्याला आपल्या कलेपुरता वेळ आहे का, की मागचा ट्रक त्याला ढकलतोय? आणि तिसरा, तिच्यात कुणाची थट्टा होऊ शकते का? गावच्या मोठ्या माणसाची, पुढाऱ्याची, वर्गणीदाराची. शिमग्याला सोंगं होती ती त्यासाठीच. ज्या उत्सवात मोठ्याची खिल्ली उडवता येत नाही तो वसंतोत्सव नव्हे, तो सत्कार समारंभ.

चित्ररथ काढायचाच असेल तर काढा. पण तो वाडीवाडीवर थांबवा, थांबला की आवाज बंद करा, आणि वरच्या पोरांना खाली उतरून त्या वाडीतल्यांशी चार शब्द बोलू द्या. आणि या वर्षी एक करून बघा. छबिना निघेल तेव्हा तो चाळीतल्या भाडेकरूच्या दारातही थांबू द्या. त्याला आरती येत नसेल, नारळ कसा द्यायचा माहीत नसेल. सांगू की आपण. नाव विचारायचं, गाव विचारायचं, आणि त्याचंही गाऱ्हाणं घालायचं. आपल्या पूर्वजांच्या मिरवणुकीनं सगळी दारं घेतली नाहीत. तेवढं राहिलेलं काम आपल्याला करता येईल.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : डीजे आणि देखावा नसेल तर तरुण मुलं येत नाहीत. मग मंडळानं काय करायचं?*

मुलं गोंगाटासाठी येतात असं आपण धरून चालतो. मला वाटतं ती करायला काहीतरी मिळतं म्हणून येतात. ढोल-लेझीम नीट बसवायचं तर महिनाभर संध्याकाळी सराव लागतो. तो महिना हाच खरा उत्सव, मिरवणुकीचा दिवस म्हणजे त्याचा शेवट. देखावा भाड्यानं आणला की तो महिना गेला. पोरांनी स्वतः बनवलेला देखावा असेल तर माझा विरोध निम्मा कमी होतो. वर्गणीतला साउंडचा खर्च एकदा वेगळा काढून बघा आणि तेवढ्यात किती ढोल येतात ते मोजा.

*प्रश्न : तुम्ही दारात थांबण्याचं कौतुक केलंत. पण दारात बाई फक्त ओवाळायला उभी असायची. चित्ररथावर निदान तिला सगळ्यांसमोर उभं तरी राहता येतं.*

ताई, तुमचं बरोबर आहे. दारातली बाई म्हणजे ताट धरणारा हात, एवढंच जुन्या मिरवणुकीनं पाहिलं. पण चित्ररथावर काय होतं तेही बघू. मुलीला देवी किंवा जिजाऊ म्हणून उभं करतात आणि तीन तास हलू नकोस म्हणतात. रस्ता सगळ्यांना दिसतो, पण तिला बोलायचं नाही, वळायचं नाही, पाणी प्यायचं तर दोन पडद्यांच्या आड. यापेक्षा गोव्याची फुगडीची पथकं मला जास्त पटतात. त्यांत बाई स्वतःच्या पायावर नाचते, दम लागला तर थांबते, हसते. आणि गाऱ्हाणं बाईनं घालायला काय हरकत आहे? घरात काय दुखतंय, कुणाला काय हवंय, हे तिलाच जास्त माहीत असतं. पुढच्या जत्रेच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा. बैठकीला बायकांना बोलावत नसतील, तर आधी तो विषय काढा.